फाटकवाल्याच्या पोटातलं फाटक

आमच्या विब्रेननं एकदा नुसत्या शिंकेनं कांद्याचं जहाज फाटकातून बाहेर काढलं होतं. वारा पडलेला, इंजिन बंद, जहाजवाला डोक्याला हात लावून बसलेला. विब्रेन चाकापाशी उभा होता, त्यानं नाक आभाळाकडे केलं आणि शिंकला. जहाज जे सुटलं ते थेट पुढच्या गावच्या पुलाखाली जाऊन थांबलं. काठावरच्या गाई कितीतरी वेळ डोळे पुसत होत्या.

विब्रेन म्हणेल, जहाज नव्हतं, होडी होती. कांदे नव्हते, बटाटे होते. आणि शिंकलो मी नव्हतोच. त्याच्याकडे लक्ष देऊ नका. लग्न झाल्यापासून तो माझ्या गोष्टींतली हवा काढत आलाय आणि मी भरत आलेय. आमचं बरं चाललंय त्यावर.

पण आता सांगतेय ती गोष्ट जशी घडली तशीच आहे. जवळजवळ.

आम्ही राहतो फाटकाच्या घरात. वरच्या कालव्याचं पाणी उंच, खालच्याचं खोल. मधे एक हौद, हौदाला दोन्हीकडून लाकडी फाटकं. होडी आली की एक फाटक उघडायचं, होडी हौदात घ्यायची, फाटक लावायचं, पाणी हवं तितकं भरायचं नाहीतर सोडायचं, मग दुसरं फाटक. सगळं हातानं. माझ्या छातीएवढं लोखंडी चाक आहे. ते विब्रेनचा आजा फिरवायचा, मग बाप, आणि आता विब्रेन. थंडीत होड्या नसतात, तेव्हा फाटकं बंद. वसंतात ट्युलिप वर आले की पुन्हा सुरू.

गेल्या हंगामाच्या शेवटी मात्र भलतंच झालं. एक जर्मन जोडपं पांढऱ्या होडीतून हौदात आलं, विब्रेननं चाकाला हात घातला, आणि चाक हलेना. म्हणजे चाक बरोबर होतं. विब्रेनचे हातपाय गळाले. गुडघे असे वाकले जसे कुणी मागून लाथ मारली. जर्मन बिचारे हौदात बसून राहिले, जवळचं सगळं सॉसेज खाऊन झालं त्यांचं. शेवटी मी आणि त्या बाईनं मिळून चाक फिरवलं. बाई ताकदवान होती. तिनं एकटीनंही फिरवलं असतं, पण मला वाईट वाटू नये म्हणून हात लावू दिला.

ही बातमी पाणीखात्यात गेली. आमच्याकडे राजाला एकवेळ कुणी भीक घालणार नाही, पण पाणीखात्याला सगळे टरकतात. तिथून पोस्तुमासाहेब आले. सभ्य माणूस, उंच, पावसाळी कोट कधी न काढणारा. कॉफी घेतली, बिस्किट घेतलं, आणि म्हणाले, "विब्रेन, तुला माहितीये, शहरातून बटणावर चालणारी फाटकं आता सगळीकडे झालीत. तुझं राहिलंय, कारण तू आहेस."

"मी आहेच," विब्रेन म्हणाला.

"वसंतात हंगामाच्या पहिल्या दिवशी मी येईन. पहिली होडी तू तुझ्या हातानं पार कर. केलीस, तर मी बटणाची गोष्ट पुन्हा काढणार नाही. नाही जमलं, तर..." त्यांनी खिडकीतून घराकडे पाहिलं. म्हणजे घरातच बसून घराकडे पाहिलं, ते त्यांनाच जमे. "घर खात्याचं आहे, बाउक्ये."

बाउक्ये म्हणजे मी.

"माहितीये," मी म्हटलं. "पण भिंतींना ते अजून कुणी सांगितलेलं नाही."

तर हे असं होतं. वसंतापर्यंत विब्रेनचे पाय परत यायला हवे होते.

आमच्या गावच्या डॉक्टरीणबाई म्हणजे तेर्प्स्ट्राबाई. त्यांनी विब्रेनच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आकडा बघितला, पुन्हा फुगवला. "विब्रेन, हे काय? तुमचा रक्तदाब चर्चच्या कळसावर जाऊन बसलाय."

"तिथून समुद्र दिसतो," मी म्हटलं.

"बाउक्ये, गप्प बसा. विब्रेन, मीठ किती खाता?"

इथे विब्रेन लाल झाला. कारण पाइप सोडल्यापासून त्याचं सगळं लक्ष द्रॉपवर. ज्येष्ठमधाच्या त्या काळ्या गोळ्या हो. आमच्याकडे बाळाला दात आले की पहिली गोळी मिळते आणि म्हाताऱ्याचे दात पडले की शेवटची चघळायला. त्यात विब्रेनची आवड म्हणजे दुप्पट खारा द्रॉप, जो खाल्ल्यावर परदेशी माणसं रुमाल शोधतात. पाइप सोडला तो यिल्दौ जन्मली तेव्हा. नातीच्या अंगाला धुराचा वास नको म्हणून. तेव्हापासून त्याच्या खिशात पाइपच्या जागी पिशवी.

"थोडं खारट होतं माझं," विब्रेन म्हणाला.

"मग मीठ बंद. आजपासून. खारा द्रॉपसुद्धा."

आम्ही चालत घरी आलो. दारात आल्यावर त्यानं खिशातली पिशवी काढली आणि माझ्या हातात दिली. लोक मेल्या कुत्र्याचा पट्टा देतात ना, तशी. मला हसू आलं, पण मी हसले नाही. खरंच हसले नाही. बाकी सगळ्यात मी थापा मारेन, यात नाही.

आणि विब्रेन शब्दाचा पक्का. त्या दिवसापासून बटाट्यात मीठ नाही, चीज पातळ कापलेलं, आणि खाऱ्या द्रॉपला शिवला नाही. बाजारात योखमच्या गाडीवर गेला, जिथे काचेच्या बरण्यांमधून द्रॉप तोलून देतात, आणि जड आवाजात म्हणाला, "योखम, खारा नको."

योखमनं टोपी काढली. "कुणी गेलं का?"

"डॉक्टरांनी सांगितलंय. मीठ बंद."

"एवढंच ना! मग गोड घे की. हा बघ तमालपत्राच्या वासाचा, हा मधाचा, हा आमच्या शेतकऱ्यांचा जाडा. मिठाचा कण नाही."

विब्रेननं एक तोंडात टाकला. "पोरांचं खाणं आहे हे."

"म्हणून तर चांगलं. पोरांचा कधी रक्तदाब वाढतो?"

तर आमचा विब्रेन गोडावर आला. आणि गोडाची गंमत अशी की एकानं समाधान होत नाही. खारा द्रॉप जिभेला चावतो, मग माणूस जरा थांबतो. गोड कुठे थांबवतो? तोलाची एक पिशवी संपायची, दुसरी उघडायची. पण औषध म्हणून खात होता तो, त्याग म्हणून खात होता. मीही कौतुकानं बघत होते. म्हटलं, बघा, या वयात माणूस सुधारतोय.

सुधारला नाही. थंडी वाढली तसा तो आणखी खचला. संध्याकाळी मोजे काढले की घोट्यावर असा वळ, जसा पिंपाला पट्टा. पोटऱ्यांत गोळे यायचे. बिटाच्या बरणीचं झाकण त्याला उघडेना. मी आधीच गुपचूप सैल करून ठेवायला लागले, म्हणजे तो नुसता हात लावेल आणि "बघ, निघालं" म्हणेल. एकदा विसरले. बरणी तशीच टेबलावर राहिली, आणि आम्ही दोघंही बिटाची आठवण न काढता जेवलो.

तेर्प्स्ट्राबाईंनी रक्त तपासलं. रक्तातलं पोटॅशियम तळाला गेलेलं. "स्नायू त्याच्यावर चालतात," त्या म्हणाल्या. "ते गेलं की पाय जातात. आणि अंगात मीठ साठतंय, मिठामागून पाणी. विब्रेन, मीठ सोडलंत ना नक्की?"

"देवाशपथ."

"मग तुमच्या किडनीवरच्या ग्रंथीत काहीतरी बिघडलंय. शहरात दाखवा."

शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात यंत्रात घालून फोटो काढला, आणि फोटोत सापडली एक गाठ. डाव्या किडनीवरच्या ग्रंथीत, मसुराच्या दाण्यापेक्षा जरा मोठी. तिथल्या डॉक्टर ब्राउवर नावाच्या तरुण बाई, लांब बोटांच्या, दक्षिणेकडच्या, आमच्यासारखं घशातून न बोलता गाऊन बोलणाऱ्या. म्हणाल्या, "बहुधा हीच चोर. रक्ताचे आणखी रिपोर्ट येऊ देत. मग ग्रंथी काढून टाकू. छोटंसं ऑपरेशन. पण नंतर दोन-तीन महिने जड काम करायचं नाही."

विब्रेननं मनात हिशेब केला. मीही केला. ट्युलिप तितके दिवस थांबणार नव्हते.

त्या आठवड्यात नीन्के, आमची लेक, यिल्दौला आमच्याकडे सोडून गेली. आमच्याकडे आजीला बेप्पे म्हणतात. यिल्दौ मला पीठ मळताना म्हणाली, "बेप्पे, आजोबांच्या पोटात काय झालंय?"

"आजोबांच्या पोटात कालवे आहेत," मी म्हटलं. "आपल्याकडे आहेत त्याहून जास्त. लाल पाण्याचे. आणि त्या कालव्यांच्या काठाला ग्रंथी राहतात. त्यांना पाय नाहीत, टेलिफोन नाही. काही सांगायचं असलं की त्या एक होडी सोडतात पाण्यात, रंगीत झेंड्याची. ती होडी हार्मोन. सगळ्या गावातून जाते, पण ज्याच्या धक्क्यावर त्या रंगाचा खुंटा असेल, तिथेच ती बांधली जाते. बाकीचे नुसते बघतात."

"कोण कोण आहेत ग्रंथी?"

"डोक्यात खाली एक म्हातारी आहे. वाटाण्याएवढी. ती सगळ्यांवर ओरडते. गळ्यात एक भट्टीवाली आहे, ती निखारा कमी-जास्त करते. फार पेटवला की माणूस रात्रंदिवस पळत सुटतो, विझला की म्हशीसारखा बसतो. आमच्या तरुणपणी पोस्टमन होता ना, त्याची भट्टीवाली अशी पेटली की तो पत्रं लिहिली जाण्याआधीच आणून द्यायचा."

"बेप्पे!"

"विचार कुणालाही. पोटात एक साखरवाली. आणि दोन किडन्यांच्या डोक्यावर पिवळ्या टोप्या घालून दोघी बहिणी बसल्यात. त्यांच्याकडे मिठाचं खातं. अंगात मीठ कमी झालं की त्या पांढऱ्या झेंड्याची होडी सोडतात. होडी किडनीला लागली की किडनी मिठाला आत ओढते, पाणी मागून येतंच, आणि पोटॅशियमला दाराबाहेर काढते. मीठ पुरे झालं की बहिणी होडी थांबवतात. असं चालतं गाव."

"आणि आजोबांची बहीण?"

"डावीकडची थांबेना म्हणतात."

"हे खरं आहे?"

"निम्मं."

"कुठलं निम्मं?"

"ते डॉक्टरांना विचार."

खिडकीशी विब्रेन बसला होता. त्यानं तोंडातली गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "भट्टीवाली," तो म्हणाला. "पोस्टमनला दुसऱ्या गावात बाई होती, म्हणून पळायचा." काढली हवा.

पण त्याचा आवाज खाली होता. जरा वेळानं, यिल्दौ बाहेर बदकांना पाव घालायला गेल्यावर, तो मला म्हणाला, "बाउक्ये, मला दुसरं घर माहीतच नाही गं. पाण्याचा आवाज नसला तर झोप कशी लागते?" मी कणीक मळत राहिले. 

रिपोर्टच्या दिवशी आम्ही चांगले कपडे घालून शहरात गेलो. हॉस्पिटलच्या स्वागताच्या टेबलावर रुग्णांसाठी वाडगा ठेवलेला, द्रॉपनं भरलेला. गोडच. विब्रेननं मूठभर घेतले. तिथली मुलगी म्हणाली, "घ्या ना, आणखी घ्या," म्हणून दुसऱ्या खिशातही.

डॉक्टर ब्राउवर कागद पुढे-मागे करत होत्या. कपाळाला आठी. "विचित्र आहे," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, मिठाचं हार्मोन खूप वाढलेलं असेल. ते तर जवळजवळ शून्य आहे. तुमची ग्रंथी चोर नाही, ती गप्प बसलीये. ती गाठ नुसती गाठ आहे, अंगावर चामखीळ असते तशी. लोकांना असते, कळतही नाही."

"मग ऑपरेशन नाही?" मी विचारलं.

"निदान तिचं नाही. पण किडनी तर मीठ ओढतेच आहे. बहिणींनी... म्हणजे ग्रंथींनी..." त्या थबकल्या.

मधे आम्ही रक्त द्यायला आलो तेव्हा सोबत आलेल्या यिल्दौनं त्यांना गाठून सगळं विचारलं होतं. कुठलं निम्मं खरं म्हणून. मी दुसरीकडे बघितलं.

"बहिणींनी होडी सोडलेलीच नाही," डॉक्टर म्हणाल्या, "आणि धक्क्यावर तर होडी बांधलेली दिसतेय. कुणाची?"

विब्रेन पुढे सरकला. हे त्याच्या कामातलं होतं. "मग फाटकावर कुणीतरी लक्ष देत नाहीये. भलतीच होडी आत सोडतंय."

"अगदी तेच," त्या म्हणाल्या. "खोकल्याचं औषध घेता? जडीबुटीचा चहा? कसल्या बाजारातल्या गोळ्या? द्रॉप खाता का?"

विब्रेन ताठ बसला. "बंद. तेर्प्स्ट्राबाईंनी मीठ बंद सांगितलं त्या दिवसापासून खारा द्रॉप जिभेला लावलेला नाही."

"शाबास," त्या म्हणाल्या, आणि कागदाकडे वळल्या.

मला वाटलं, एवढा मोठा त्याग आणि नुसतं शाबास? माझ्या नवऱ्याचं कौतुक कुणी असं तीन अक्षरांत उरकलं तर मला चालत नाही. मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्हाला कल्पना नाही. हा माणूस गोडावर दिवस काढतोय. इतका गोड द्रॉप खाल्लाय यानं या थंडीत, की बर्फात शिंकला तर बर्फ काळं होतं. कालव्यावरचे हंस याला कावळ्यांचा मुख्य समजायला लागलेत. परवा अंघोळीचं पाणी कालव्यात सोडलं तर खालच्या गावाला खोकला राहिला नाही."

डॉक्टर हसल्या. मोकळ्या हसल्या, दक्षिणेकडचं हसू. मग हसणं अर्ध्यावर थांबलं, आणि लांब बोटांमधलं पेन टेबलावर आडवं झालं.

"गोड द्रॉप," त्या म्हणाल्या. "किती?"

"रोज एक पिशवी. मोठी."

त्यांना आता माझी सवय झाली होती. त्यांनी विब्रेनकडे बघितलं. "म्हणजे खरं तर अर्धी?"

विब्रेननं खिशात हात घातला. मग आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस माझ्या गोष्टीत हवा भरताना मी बघितला. "नाही," तो म्हणाला. "हिला कोटातल्या पिशवीचं माहीत नाही. आणि चाकाच्या खोलीत एक डबा आहे." खिशातून त्यानं हॉस्पिटलच्या मुठी काढून टेबलावर ठेवल्या. "आणि हे."

 टेबलावर काळ्या गोळ्यांचा ढीग.

"मीठ नाही यात," विब्रेन हळूच म्हणाला. "योखमनं सांगितलं."

"खरं आहे त्याचं," डॉक्टर म्हणाल्या. "सगळ्यांनाच वाटतं दोष मिठाचा. दोष ज्येष्ठमधाचा आहे. विब्रेन, बघा. त्याच बहिणी आणखी एक होडी सोडतात, कॉर्टिसॉलची. दिवसभर, ढिगानं. ती माणसाला सकाळी उठवते, घाबरला तर उभं ठेवते. तिचा झेंडा पांढऱ्यासारखाच दिसतो. ती किडनीच्या धक्क्याला लागू नये म्हणून किडनीनं दारात एक राखणदार ठेवलेला असतो. आलेली कॉर्टिसॉलची होडी तो तिथल्या तिथे मोडतो. आणि ज्येष्ठमध त्या राखणदाराला झोपवतं."

"झोपवतं," विब्रेन म्हणाला.

"तुम्ही खारा सोडून गोड धरलात, तो दुप्पट खाल्लात. राखणदार गाढ झोपला. भलत्या होड्या आत आल्या. किडनीला वाटलं, वरून हुकूम आलाय. ती मीठ ओढत बसली. वर बहिणींनी बघितलं, मीठ तर उतू चाललंय, म्हणून त्यांनी आपली होडी बंद केली. त्या बिचाऱ्या बरोबरच वागत होत्या."

विब्रेननं त्या ढिगाकडे बघितलं. मला माहीत होतं त्याच्या मनात काय आहे. हा असा माणूस, की ज्याच्या हौदात त्याच्या नजरेआड बदकसुद्धा शिरलेलं नाही. आणि त्याच्या आत राखणदार घोरत होता. त्यानंच झोपवलेला.

"बिस्किट आपण मोजून खातो," मी म्हटलं. "डबा उघडला, एक घेतलं, डबा बंद. मग द्रॉप का नाही मोजला आपण?"

"द्रॉप कुठे खाणं असतं?" विब्रेन म्हणाला. आणि मी सांगते तुम्हाला, डॉक्टरांनीही मान हलवली. त्यांच्याही पांढऱ्या कोटाच्या खिशात पिशवी होती. मी बघितली. मागून त्यांना ती कचऱ्याच्या डब्यात टाकताना पण बघितलं, आणि मग पुन्हा काढून घेताना.

"तर आता द्रॉप पूर्ण बंद," त्या म्हणाल्या. "सगळे रंग, सगळे आकार. पोटॅशियमच्या गोळ्या देते."

"हंगामाच्या पहिल्या दिवसापर्यंत पाय येतील?"

"वचन देत नाही. राखणदार जागा व्हायला काही आठवडे लागतात. आणि गप्प बसलेल्या बहिणीला पुन्हा तोंड फुटायलाही वेळ लागतो."

घरी आल्यावर मी आणि यिल्दौनं झडती घेतली. कोटात, गंबुटांत, होडी ओढायच्या आकडेकाठीच्या पोकळीत, पियानोत. आमच्याकडे पियानो नाही, पण असता तर त्यातही सापडला असता. सगळा द्रॉप मी चुलीत टाकला. पाण्यात टाकणार होते, पण विब्रेन म्हणाला, "खालच्या गावचे मासे फुगतील." हे मी म्हणायचं वाक्य होतं. मी त्याच्याकडे बघत राहिले.

द्रॉप सोडणं म्हणजे आमच्या गावात सोपं नव्हे. कुठेही जा, हात पुढे येतो, हातात पिशवी. दुकानात, वाढदिवसाच्या खुर्च्यांच्या वर्तुळात, मयतीलासुद्धा. विब्रेन "नको" म्हणाला की लोक दचकायचे. योखम तर घरी आला, टोपी हातात घेऊन. "माझ्या गाडीवरचं..."

"तू मीठ नाही दिलंस," विब्रेन म्हणाला. "मी विचारलंच नाही दुसरं काही. बस, कॉफी घे."

त्या दिवशी मी बिस्किटाचा डबा दोनदा उघडला. गावात ही बातमी पोचली असती तर पोस्तुमासाहेबांनी आम्हाला त्याच कारणावरून घराबाहेर काढलं असतं.

विब्रेननं द्रॉपऐवजी गाजरं कुरतडली, चर्चमध्ये पेपरमिंट चघळलं, एकदा तर रिकामा पाइपच तोंडात धरून बसला, तंबाखूशिवाय. घोट्यांवरचे वळ आधी उतरले. रोज संध्याकाळी मोजे काढून तो पायाकडे असं बघायचा, जसं पाणी उतरल्यावर बांध दिसतो का ते बघतात. मग गोळे कमी झाले. तेर्प्स्ट्राबाई पट्टा फुगवून म्हणाल्या, "कळसावरून खाली आलाय. घंटेपाशी आहे."

पण हात? हाताचं काही कळत नव्हतं. चाकाला तो हात लावत नव्हता. मी सांगितलं तरी नाही. "राखणदार जागा होऊ दे," म्हणायचा. "झोपेतून उठलेल्याला लगेच काम सांगू नये."

ट्युलिपनं हिरवी टोकं काढली तेव्हा एका दुपारी मी कोबी आणि बटाटे कुस्करत होते. टेबलावर बिटाची बरणी ठेवली आणि मुद्दाम झाकण सैल केलं नाही. केलं नाही म्हणजे, उलट आवळलं. विब्रेन आला, बसला, बोलता बोलता बरणी उचलली आणि फट्कन उघडली. बिट वाढून घेतलं. खाल्लं. मग थांबला आणि बरणीकडे बघितलं.

"तू सैल केली होतीस," तो म्हणाला.

"नाही."

"बाउक्ये."

"आवळली होती. गुडघ्यात धरून."

त्यानं बरणी लावली. पुन्हा उघडली. पुन्हा लावली, पुन्हा उघडली. जेवण निवलं तरी चाललं होतं.

हंगामाचा पहिला दिवस उजाडला. धुकं होतं, मग ऊन आलं. पोस्तुमासाहेब त्याच कोटात आले. गावातले चारपाच जण उगाच कालव्याकडेनं फिरायला निघालेले, योखमही, आणि पहिली होडी, मी थाप मारत नाही, तीच पांढरी. तेच जर्मन जोडपं. या वेळी सॉसेज दुप्पट घेऊन आलं होतं, खबरदारी म्हणून.

पोस्तुमासाहेबांनी खिशातून पिशवी काढली आणि सवयीनं पुढे धरली. "घे विब्रेन, ताकद येईल."

सगळ्यांचे डोळे त्या पिशवीवर. विब्रेनचा हात थोडा पुढे गेला. मी बघितला. मग तो हात तसाच पुढे जाऊन चाकावर बसला.

"नको," तो म्हणाला. "राखणदार झोपतो."

आणि त्यानं जोर लावला. एक क्षण काहीच झालं नाही. जर्मन बाई होडीवरून उतरायच्या तयारीत होती, बाह्या वर करून. मग चाक कुरकुरलं, थंडीभर न हललेलं लोखंड, आणि फिरलं. अर्धं. पूर्ण. हौदात पाणी गडगडत भरलं, होडी वर आली, फाटकाची पाखं उघडली, आणि विब्रेन श्वास घेत उभा राहिला. घाम आलेला, गाल लाल, पाय जमिनीला रोवलेले. होडीवाल्यांकडून पैसे घ्यायला काठीला बांधलेला लाकडी बूट त्यानं पुढे केला. जर्मन बाईनं त्यात सॉसेज टाकलं.

पोस्तुमासाहेबांनी कोटाचं वरचं बटण काढलं. त्यांच्या बाबतीत हे पुष्कळ होतं. "बटणाची गोष्ट मी काढणार नाही म्हणालो होतो," ते म्हणाले. "नाही काढणार." मग घराकडे बघितलं, या वेळी बाहेरून, आणि चाकाकडे. "ताकदीचं चाक आहे. हे तू कसं काय रोज..."

"चाक काही नाही," विब्रेन म्हणाला. सॉसेजचा तुकडा तोडला, चावला, मग शांतपणे कालव्याकडे बघत म्हणाला, "वारा पडलेला असला तर मी चाक वापरतसुद्धा नाही. एकदा इथून कांद्याचं जहाज शिंकेनं काढलंय मी. पुढच्या पुलापर्यंत."

पोस्तुमासाहेबांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

"बटाट्यांचं होतं," मी म्हटलं.